चौकशी की भोचकपणा?

एप्रिलची २ तारीख हा जागतिक स्वमग्नता जागरूकता दिन. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, बोलणं, माणसांत मिसळणं, आवाज-उजेड सोसणं ज्यात इतरांहून वेगळं असतं तो; आणि तो ज्याला आहे तो माणूस ऑटिस्टिक. दर वर्षी त्यानंतर माझ्या टपालात या विषयाची भर पडते. यंदाच्या बहुतेक पत्रांतून लोकांना एकच विचारायचं होतं: समोरच्याला ‘तू ऑटिस्टिक आहेस का?’ असं विचारावं का, आणि विचारायचं तर कसं? त्यातली तीन पत्रं घेतली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते की मी पुण्यात एकतीस वर्षं स्पीच थेरपिस्ट म्हणून काम केलं. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान माझ्याकडे मागू नये. सल्ला मात्र मी न मागताही देते, हे आमच्या घरात कोणीही सांगेल.

पत्र पहिलं

मी ठाण्यात एका खासगी कंपनीत अकाउंट्सला आहे. वर्षभरापूर्वी आमच्याकडे एक मुलगी लागली, तिशी-पस्तिशीची. काम चोख. जीएसटीच्या रिटर्नमध्ये तिची चूक निघालेली मला आठवत नाही. पण बोलताना ती माझ्या डोळ्यांकडे न बघता गळ्यातल्या आयकार्डकडे बघते. डब्यात रोज दोन पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी, दुसरं काही नाही. कोणाचा वाढदिवस असला की केक कापायच्या वेळी नेमकी बाथरूमला जाते. सगळे तिला खडूस म्हणतात. मी बऱ्याच रील्स बघितल्या, त्यातली पुष्कळ लक्षणं जुळतात. मला मनापासून मदत करायची आहे. डबा खाताना एकदा सगळ्यांसमोर विचारूनच टाकावं, म्हणजे सगळ्यांचाच गैरसमज जाईल, असं वाटतं. तिला वाईट न वाटता कसं विचारू?

ता. क. कोणाला फोन करायचा असला की काय बोलायचं ते मीही आधी कागदावर लिहून घेते, नाहीतर जमत नाही. पण तसं सगळ्यांनाच लागतं ना?

— एक वाचक, ठाणे

डबा खाताना? सगळ्यांसमोर? नाही हो, अजिबात नाही.

तुमचा हेतू चांगला आहे, ते पत्रात दिसतं. पण मला आधी हे सांगा, ती ‘हो’ म्हणाली तर पुढे तुम्ही काय करणार? खरंच एका कागदावर लिहून काढा. केक कापताना तिला आग्रह करणार नाही, काम तोंडी न सांगता ईमेलवर सांगेन, ती बघत नाही म्हणून मनाला लावून घेणार नाही, असंच काहीतरी लिहाल ना? मग यातलं कुठलं काम तिच्या ‘हो’वाचून अडलंय? आजपासून सुरू करा. आणि यादीत फक्त ‘म्हणजे मला कळेल’ एवढंच आलं, तर त्याला आपल्याकडे भोचकपणा म्हणतात. मी स्वतः या बाबतीत चांगलीच तयारीची आहे, म्हणून लांबून ओळखते.

दुसरं असं की कदाचित तिचं तिलाच माहीत नसेल. वय तिशी-पस्तिशीचं, म्हणजे जन्म १९९०च्या आसपासचा. १९९५च्या अपंग व्यक्ती कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, ऑटिझम त्यात नव्हता. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, पण त्याचं प्रमाणपत्र कसं द्यायचं हे सरकारी कागदावर उतरेपर्यंत २०१६ साल उजाडलं. त्याच वर्षीच्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मग त्याला जागा मिळाली. तोवर ही मुलगी शिकून नोकरीला लागलेली असणार. तिच्या शाळेच्या प्रगतिपुस्तकात बाईंनी फार तर ‘अभ्यासात हुशार, वर्गात मिसळत नाही’ असं लिहिलं असेल. त्यातून मुलगी. कुठे हसायचं, समोरच्याकडे किती वेळ बघायचं, ‘जेवलीस का’ला काय उत्तर द्यायचं, हे अशा कितीतरी मुली दुसऱ्यांचं बघून बघून पाठ करतात, दिवसभर निभावून नेतात आणि घरी येऊन दार लावून आडव्या होतात. आठ तासांचं हे नाटक ती नीट वठवत असताना तुम्ही मध्येच उठून ‘हे नाटक आहे ना?’ म्हणणार, तेही पोळीचा घास हातात असताना.

आणि तिला माहीत असेल, तर तिने सांगितलेलं नाही, हेच तिचं उत्तर आहे. ऑफिसला सांगायचं की नाही, हा तिचा मामला. सरकारी नोकरीत दिव्यांगांच्या राखीव जागेवर आली असती, तर कागद कार्यालयाच्या फायलीत असता. तो तिथून डब्याच्या टेबलावर यायचं तरीही कारण नव्हतं.

आता माझंच सांगते. याला वीस वर्षं झाली असतील. मुंबईहून संध्याकाळच्या गाडीने पुण्याला येत होते. समोर बाप-लेक, मुलगा नऊ-दहा वर्षांचा. कर्जतला गाडी थांबली. घाट चढायला तिथे मागून जादा इंजिनं जोडतात, बँकर म्हणतात त्यांना. लोक वडे घ्यायला खाली उतरले. या मुलाचं वड्यांकडे लक्षच नाही. त्याने दोन्ही तळवे कानांवर दाबले, खांदे वर घेतले आणि ओठ हलवत काहीतरी मोजायला लागला. बराच वेळ मोजत होता. मग मागून तो धक्का आला, सगळा डबा एकदा हलला, आणि या पठ्ठ्याने कानांवरचे हात काढले नि असा काही हसला की काय सांगू. वडिलांनी न बोलता रुमालाने त्याची हनुवटी पुसली. त्यांनाही तो धक्का कधी येणार हे माहीत होतं, रुमाल आधीच हातात होता.

आणि मी तोंड उघडलं. ‘ऑटिझम आहे का हो याला? कुठे दाखवता?’ माझा आवाज मुळातच मोठा. शेजारच्या दोघांच्या माना वळल्या. वडील म्हणाले, ‘छे छे, जरा लाजरा आहे, इतकंच.’ मुलगा खिडकीबाहेरच बघत होता, पण हात पुन्हा कानांवर गेले होते. लोणावळ्याला दोघं उठून गेले. पुण्याला उतरले तर पुढच्या डब्यातून उतरताना दिसले. गाडीला गर्दी होती, लोणावळ्यापासून उभेच आले असणार.

त्यांचा हात धरून मला काही सांगायचं होतं, मला यातलं कळतं, मी याच कामात आहे. पण ते त्यांना कुठे माहीत होतं? आणि माहीत असतं तरी काय? मी त्या माणसाला पोराच्या देखत पोराबद्दल खोटं बोलायला लावलं. पोराला प्रश्नही कळला होता आणि उत्तरही. त्या एका ‘छे छे’चं ओझं त्याच्या डोक्यात किती वर्षं राहिलं असेल, हे माझ्या डोक्यात अजून आहे.

तर तुमच्या मैत्रिणीला (मैत्रीण म्हणते, कारण व्हाल असं वाटतं) निदानाचं विचारू नका, त्रासाचं विचारा, आणि एकटीला. ‘ही ट्यूब लुकलुकते, तुला त्रास होतो का? बदलून घेऊ या का?’ ‘उद्या चार वाजता केक आहे, दहा मिनिटं आरडाओरडा असेल, आधी सांगून ठेवते.’ ‘मी तोंडी सांगितलेलं बरं की लिहून देऊ?’ असे प्रश्न कोणालाही विचारता येतात, उत्तर काहीही आलं तरी दोघांपैकी कोणी उघडं पडत नाही. आणि कोणी ‘खडूस’ म्हणालं की तिथल्या तिथे ‘मला नाही वाटत बुवा’ एवढं म्हणा. त्यावर भाषण नको.

राहता राहिला ताजा कलम. पत्रातली सगळ्यात खरी ओळ मला तीच वाटली. नाही, सगळ्यांना लागत नाही. माझी जाऊ दोन फोन एकदम दोन कानांना लावून तिसऱ्याशी बोलते. तुम्हाला काही आहे असं मी म्हणत नाही, कागदावर लिहून घेणारी माणसं शंभर कारणांनी लिहून घेतात. पण तिच्याकडे बघताना तुम्हाला स्वतःचं काहीतरी दिसलं असेल, तर बोलण्याची सुरुवात तिथून करा. एखाद्या दिवशी चहाला दोघीच असताना तिला तो फोनचा कागद दाखवा. तिने आपला दाखवला तर दाखवला.

पत्र दुसरं

माझा भाचा येत्या श्रावणात तीन वर्षांचा होईल. दादाचा मुलगा. हाक मारली तर बघत नाही, पण बाहेर कुकरची शिट्टी झाली की पळत येतो. डब्यांची झाकणं लहान-मोठी अशी ओळीने मांडतो, कोणी एक हलवलं तर तासभर रडतो. काही हवं असलं की बोट दाखवत नाही, माझा हात धरून नेतो आणि हातच त्या वस्तूवर ठेवतो. शब्द दोन-तीनच. आई म्हणते, दादाही चार वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता, मुलगे उशिराच बोलतात. मी बी.एड. करते आहे, आमच्या अभ्यासक्रमात हे सगळं आहे. वहिनीला कसं सांगू? तोंडावर ‘ऑटिझम’ म्हटलं तर ती आयुष्यभर बोलणार नाही माझ्याशी.

— एक आत्या, सांगली

तू माझ्या मुलीपेक्षा लहान आहेस, म्हणून ‘तू’ म्हणते.

वरच्या पत्राला मी ‘विचारू नका’ म्हटलं. तुला सांगते, बोल, आणि गणपतीपर्यंत थांबू नकोस. मोठ्या माणसाने आपलं आपण ठरवावं, यासाठी आपण गप्प बसतो. तीन वर्षांचं मूल ‘मला जरा दाखवा’ असं म्हणू शकत नाही, आणि या वयात गेलेले सहा महिने मोठे असतात.

पण शब्द उच्चारू नकोस. तो उच्चारायचा अधिकार तुझा नाही आणि माझाही नाही. जे पाहिलंस ते सांग, जसं मला लिहिलंस तसंच. हात धरून वस्तूवर ठेवतो, हे तू इतकं नेमकं टिपलंयस की तपासणाऱ्यालाही पुढे त्याचा उपयोग होईल. वहिनी एकटी असताना बोल. आई, दादा, शेजारच्या काकू कोणी नको, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ तर मुळीच टाकू नकोस. आधी तिला विचार, ‘वहिनी, हा हाकेला वळत नाही, तुला काय वाटतं?’ आणि मग गप्प राहा. हे गप्प राहणं फार अवघड असतं, मला अजून जमत नाही. माझ्यासमोर बसलेल्या किती आया अशा होत्या की त्यांना वर्षभर आधी कळलं होतं. त्या फक्त वाट बघत होत्या, कोणीतरी दोष न देता विचारेल म्हणून.

दोषाची भीती काही उगाच नाही. १९५०-६०च्या दशकांत अमेरिकेत मोठमोठे लोक सांगत होते की थंड, मायाहीन आयांमुळे मुलं अशी होतात. ‘रेफ्रिजरेटर मदर’ असा शब्दच होता. तो सिद्धांत कधीच मोडीत निघाला, पण आपल्या स्वयंपाकघरात तो नव्या वेषात जिवंत आहे. ‘नोकरी करते ना’, ‘मोबाइल हातात दिला’, ‘गरोदरपणी ग्रहण पाळलं नाही’. तुझ्या तोंडून पहिलं वाक्य निघेल तेव्हा वहिनीला हेच ऐकू येईल, म्हणून ‘तुझं काही चुकलंय असं नाही’ हे आधी सांग.

जायचं कुठे, हेही हाताशी ठेव, म्हणजे बोलणं नुसतं भीती घालून संपणार नाही. पहिली कानांची तपासणी. कुकरची शिट्टी ऐकू येते म्हणून कान ठीकच आहेत असं धरू नका. मग बालरोगतज्ज्ञ. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा येतं, तिथून मुलाला जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (लहान मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर तपासून मदत सुरू करतात तिथे) पाठवतात, त्याला पैसे पडत नाहीत. आणि आईला म्हणावं, दादा उशिरा बोलला हे खरंच असेल, पण उशिरा बोलणारी पुष्कळ मुलं तोवर बोटाने दाखवतात. दादा दाखवायचा का, एवढं तिने आठवून बघावं.

पत्र तिसरं

माझं वय ३८. गेल्या वर्षी मला ऑटिझमचं निदान झालं. मी ते नातेवाइकांपासून लपवलं नाही. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात एक जण म्हणाले, ‘तुला ते ऑटिझम झालंय म्हणे?’ दुसऱ्या म्हणाल्या, ‘पण तू तसा वाटत नाहीस.’ तिसऱ्यांनी मला न विचारता माझ्या बायकोला विचारलं, मी शेजारीच उभा होतो. मला थेट विचारलेलं चालतं, कुजबुज चालत नाही. पण विचारणारा काळजीने विचारतोय की मजा बघायला, हे मला कळत नाही, त्यामुळे मी सगळ्यांनाच वीस मिनिटांचं सविस्तर उत्तर देतो. बायको म्हणते, देऊ नकोस. ओळखायचा काही नियम आहे का?

— एक वाचक, नाशिक

पहिल्यांदा मी माझी वरची दोन उत्तरं पुन्हा वाचली. मी पहिल्या पत्राला ‘विचारू नका’ म्हणत बसले आणि तुम्ही म्हणताय, विचारा, पण तोंडावर विचारा. ते बरोबरच आहे. ज्याने स्वतः सांगितलंय त्याच्याशी पुन्हा दबक्या आवाजात बोलायचं, हा वेगळाच अपमान. आणि तुम्ही शेजारी उभे असताना बायकोला विचारणं, याला तर माझ्याकडे बरा शब्दच नाही. ‘हे चहात साखर घेतात का?’ हेसुद्धा लोक चाकाच्या खुर्चीवरच्या माणसाला न विचारता खुर्ची ढकलणाऱ्याला विचारतात.

‘झालंय’वरही माझा राग आहे. झालं म्हणायला तो काय कावीळ आहे? ‘तसा वाटत नाहीस’ ही तर शाबासकी समजून देतात. त्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला एखादा माणूस असतो, त्याच्याशी तुम्ही जुळत नाही म्हणून तुम्ही पास.

तुम्ही पत्रभर ‘ऑटिझम’ लिहिलंय, ‘स्वमग्नता’ एकदाही नाही, ते माझ्या लक्षात आलं. मूळ शब्दही तसाच आहे, ग्रीक ‘ऑटोस’ म्हणजे स्वतः. ब्लॉयलर या स्विस मनोविकारतज्ज्ञाने १९१०च्या सुमारास तो घडवला, तोही दुसऱ्याच आजाराचं लक्षण सांगायला. लिओ कॅनरने १९४३ मध्ये अकरा मुलांबद्दल लिहिताना तो उचलला आणि आपण त्याचं मराठी केलं. मी आयुष्यभर ‘स्वमग्न’ म्हणत आले. पण कर्जतच्या त्या मुलाला गाडीच्या टोकाला काय चाललंय ते आख्ख्या डब्यात सर्वांत आधी कळत होतं. स्वतःत मग्न होतो आम्ही, वडे खात. तेव्हा तुम्हाला जो शब्द बरा वाटतो तो लोकांना सांगा. त्यांनी तोच वापरावा.

इरादा ओळखता येत नाही म्हणालात. डेमियन मिल्टन या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, २०१२ मध्ये असं मांडलं की ही अडचण दोन्ही बाजूंची आहे. तुम्हाला त्यांचं मन कळत नाही तसं त्यांनाही तुमचं कळत नाही, फक्त निदान एकाच बाजूचं होतं. ‘तसा वाटत नाहीस’ म्हणणाऱ्या त्या बाईंना, तुम्हाला वाईट वाटलं हे कळलं असेल असं वाटतं का?

नियम मागितलात, तर माझा एक घरगुती नियम देते. दर वेळी बरोबर येत नाही, पण लग्नाच्या हॉलमध्ये बरा चालतो. विचारणारा खुर्ची ओढून शेजारी बसला, तर त्याला पाच मिनिटं द्या. वीस नकोत, बायकोचं ऐका. आणि हातात ताट धरून, मान पुढच्या पदार्थाकडे ठेवून उभ्याउभ्या विचारत असेल, तर ‘हो’ म्हणा आणि तुम्हीही रांगेत पुढे सरका, मठ्ठा संपतो.